ऑफिस उघडतंय म्हणजे सगळं ठीक, असं नाही

संगमेश्वरात पत्रकारिता करायची म्हणजे रोज कुणाकुणाच्या वर्ड फाईल उघडायच्या. निवेदनं, ठराव, पत्रकं. म्हणून हे सांगतोय मंडळी.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने ऑफिस २०१६ आणि २०१९ चा सपोर्ट बंद केला. प्रोग्राम चालतो, पण नवं भोक सापडलं तर बुजवणारा अपडेट येईलच याची खात्री नाही. हे किरकोळ नाही. २०१७ मध्ये ऑफिसच्या इक्वेशन एडिटरमध्ये असं भोक सापडलं, की नुसती फाईल उघडली तरी व्हायरस शिरू शकायचा. त्याच नोव्हेंबरात अपडेट आला. ज्यांनी तो टाकला नाही, त्यांच्यावर पुढे कित्येक वर्षं हल्ले झाले.

आता आपलं बघा. आपला आधार, सातबारा, पासबुक ज्या झेरॉक्सच्या दुकानात, पतपेढीत कॉम्प्युटरवर पडून असतं, तिथलं ऑफिस कुठल्या सालचं आहे? विचारा बिनधास्त. कागद आपले आहेत.

घरी तपासायचं तर वर्डमध्ये ‘फाईल’, मग ‘अकाउंट’. व्हर्जन तिथेच दिसतं, ‘अपडेट नाऊ’ही सहसा तिथेच. नवं घेणं परवडत नसेल तर लिबरऑफिस फुकट आहे, मराठीही चालतं. क्रॅक कॉपी मात्र नकोच.