चिठ्ठी कोणी काढली?

आमच्या नगरच्या घरात पवित्र शास्त्राशेजारी तळहातावर मावेल एवढी पुठ्ठ्याची एक डबी असायची. आत कागदाच्या बारीक सुरळ्या उभ्या खोचलेल्या आणि प्रत्येक सुरळीवर शास्त्रातलं एक वचन छापलेलं. सोबत आलेला चिमटा कधीच हरवला होता, म्हणून आजी केसांतला आकडा वापरायची. सकाळी चहाच्या आधी एक सुरळी निघायची, मोठ्याने वाचली जायची आणि परत जागेवर जायची. जे निघेल ते त्या दिवसाचं. आवडलं नाही म्हणून दुसरी काढायची नाही, हा आजीचा नियम. माझा धाकटा भाऊ परीक्षेच्या दिवसांत तीन-तीन काढायचा आणि त्यातलं सोयीचं घेऊन शाळेत जायचा. आजी म्हणायची, "त्याला देव नकोय, ज्योतिषी हवाय."

डबी मिशनकडून आली, एवढंच मला ठाऊक होतं. तिचं गोत्र पुष्कळ वर्षांनी वाचनात सापडलं. सॅक्सनीतल्या हेर्नहुट गावात काउंट त्सिन्झेनडॉर्फच्या जमिनीवर आसरा घेतलेली मोरावियन ख्रिस्ती मंडळी राहत होती. १७२८ च्या मे महिन्यात त्याने त्यांना दुसऱ्या दिवसासाठी म्हणून एक वचन दिलं. पुढे ते रोज घरोघर जाऊन सांगण्याची रीत पडली, आणि १७३१ पासून वर्षभराची वचनं पुस्तकात छापून येऊ लागली. ते पुस्तक अजून दरसाल निघतं. त्यांच्याकडे चिठ्ठ्या टाकण्याचीही प्रथा होती, आणि ती फार लांबवर गेली: कोणाला मिशनवर पाठवायचं, कोणाचं लग्न कोणाशी लावायचं, सगळं चिठ्ठीवर. एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने सांगायला हवी. चिठ्ठीत होकार निघाला तरी लग्नाला नाही म्हणायची मोकळीक माणसांना असे.

आमच्या घरात ती मोकळीक आत्याला आपली आपण घ्यावी लागली.

साठच्या दशकातली गोष्ट. आत्या मॅट्रिक झाली होती आणि तिला मिरजेच्या मिशन इस्पितळात नर्सिंग शिकायला जायचं होतं. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर, मंडळीत मान असलेले. त्यांनी उपास केला, प्रार्थना केली आणि डबी समोर घेतली. निघालं ते स्तोत्रातलं वचन, देशात वस्ती करून विश्वासूपणे राहण्याविषयीचं. आजोबांचा चेहरा उजळला. "बघ, राहायला सांगितलंय." आत्या भाकऱ्या थापत होती. हात धुऊन बाहेर आली आणि म्हणाली, "दादा, चिठ्ठी तुम्ही काढलीत. जायचं मला आहे."

त्या काळात, त्या घरात, वडिलांना हे ऐकवणं सोपं नव्हतं. आजोबा काही दुष्ट नव्हते. प्रार्थना त्यांनी खरीच केली होती. पण तरुण मुलगी एकटी मिरजेला राहणार, या विचाराने त्यांची झोप उडाली होती, आणि भीतीला देवाच्या इच्छेचं नाव द्यायला भल्या माणसालाही फार वेळ लागत नाही. वर्ष तसंच गेलं. पुढच्या जूनमध्ये त्यांनी डबीला हात न लावता फॉर्मवर सही केली. त्यावर कोणी काही बोललं नाही. आत्याने जन्मभर रुग्णसेवा केली, आणि आजी गेल्यावर ती डबी तिनेच मागून घेतली. अजून रोज सकाळी एक वचन काढते. निर्णय मात्र एकही डबीला विचारून घेतला नाही, असं अभिमानाने सांगते.

आत्याचं वाक्य माझ्या डोक्यात असं बसलं, की पुढे देवाच्या इच्छेबद्दल काहीही वाचलं तरी मी त्यात न विचारलेलं माणूस शोधू लागले. आणि ते सापडतंच. मेथडिस्ट चळवळीचा जनक जॉन वेस्ली तरुणपणी जॉर्जियात मिशनरी होता. सोफिया हॉपकी नावाच्या मुलीवर त्याचं मन बसलं. १७३७ च्या मार्चमध्ये त्याने एका मित्राबरोबर प्रार्थना करून तीन चिठ्ठ्या टाकल्या: लग्न कर, यंदा तो विचार नको, तो विचार कायमचा सोड. तिसरी निघाली. त्याने ती शिरोधार्य मानली. सोफियाने थोड्याच दिवसांत दुसऱ्याशी लग्न केलं. मग वेस्लीने तिला प्रभुभोजन नाकारलं, प्रकरण कोर्टात गेलं आणि वर्ष संपायच्या आत त्याला जॉर्जिया सोडावं लागलं. देवाच्या इच्छेपुढे मान तुकवलेला माणूस काही महिन्यांतच असा कडवट का व्हावा? मला वाटतं, चिठ्ठीने त्याचा निर्णय केला, त्याचं मन तसंच राहिलं. आणि सोफियाला काय हवं होतं, हे त्या तीन चिठ्ठ्यांपैकी एकीवरही नव्हतं.

आपल्याकडे लक्ष्मीबाई टिळकांची हकिगत तर घराघरात माहीत आहे. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईला झाला. देवाची हाक त्यांना आली होती यात मला शंका नाही. पण त्या हाकेची किंमत नवऱ्याविना, लहान मुलाला घेऊन नातलगांकडे राहणाऱ्या बाईने मोजली. पुढे त्या टिळकांकडे परतल्या, तरी लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. जातीपातीचा, शिवताशिवतीचा विचार त्यांनी स्वतःच्या डोक्याने केला, आणि आपल्याला पटल्यावर १९०० साली बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून संन्यास घेतला, तेव्हा पुन्हा तोच पेच. 'स्मृतिचित्रे' वाचताना मी हसते खूप, आणि मध्येच पुस्तक मिटून बसते. टिळक संत होते असं मंडळीत म्हटलं जातं. असतील. माझ्या लेखी विवेकाचं अवघड काम लक्ष्मीबाईंनी केलं.

आमच्या मंडळीत एक वाक्य फार चालतं: "देवाने मला दाखवलं." ते उच्चारलं की सभेत वाद संपतो. बांधकामाचा ठेका असो, नाहीतर कोणाच्या मुलीचं स्थळ. एकदा मी विचारलं, "तिला दाखवलंय का?" तेव्हापासून मला कमिटीवर घेत नाहीत.

बँकेच्या नोकरीमुळे मुंबईत आले, तेव्हा वसईच्या एका मैत्रिणीने मला वांद्र्याला रिट्रीटला नेलं. आम्ही प्रॉटेस्टंट, ते कॅथलिक. घरी कोणाला सांगितलं नाही. तिथे एका येशूसंघीय फादरांनी संत इग्नेशियसच्या खेचराची गोष्ट सांगितली. पांप्लोनाच्या लढाईत पाय मोडून बरा झालेला हा सरदार १५२२ मध्ये माँतसेर्रातला निघाला होता. वाटेत एका मूराची गाठ पडली, मरियेच्या कौमार्यावरून वाद झाला आणि मूर पुढे निघून गेला. मागे याच्या मनात संताप: त्याला गाठून खंजीर खुपसावा की सोडून द्यावं? ठरेना. शेवटी खेचराचा लगाम सैल सोडला. ते मूराच्या गावाकडे वळलं तर खंजीर, हमरस्त्याने गेलं तर क्षमा. गावाची वाट रुंद आणि सोपी होती, तरी खेचर हमरस्त्याने गेलं. फादर म्हणाले, "त्या दिवशी दोघांत अक्कल खेचरालाच होती."

पुढे याच माणसाने विवेकाची सबंध शिस्त बसवली. तिच्यात खेचर नाही, चिठ्ठी नाही. मन खचलेलं असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये, हा त्याचा नियम मला फार उपयोगी पडला. दुसरा त्याहून शहाणपणाचा: आपल्या जागी एखादं अनोळखी माणूस आहे असं समजून त्याला काय सल्ला द्याल ते पाहा. आणि रोज रात्री दिवस उलगडून पाहायचा, मन कुठे मोकळं झालं, कुठे आक्रसलं. मी ते चर्चगेटहून सुटणाऱ्या लोकलमध्ये करायचे. अंधेरीपर्यंत दिवस उलगडून व्हायचा.

हे सगळं निवडण्याबद्दल झालं. जिथे निवडायला काही उरत नाही, तिथली गोष्ट वेगळी.

आमच्या ह्यांना कर्करोग झाला. भेटायला येणारे म्हणायचे, देवाची इच्छा. मी दात दाबून चहा ठेवायचे. मी बरे होण्यासाठीच प्रार्थना करत होते, दुसरी काही करायला तयार नव्हते. केमोचा पुढचा फेरा सुरू करायची वेळ आली तेव्हा हे डॉक्टरांना म्हणाले, आता बस. त्या रात्री मी भांडले. ह्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुझी प्रार्थना तू कर, माझी मला करू दे." मला ते तेव्हा तोडून टाकल्यासारखं लागलं. पुढच्या आठवड्यांत हे शांत होत गेले. जुनी भजनं म्हणायचे, 'उपासना संगीत' न उघडता. मी त्याच खोलीत होते आणि ती शांती माझ्यापर्यंत पोहोचत नव्हती. कशी पोहोचणार? ती त्यांची होती, त्यांच्या देहाचा हिशेब त्यांनी देवाशी केला होता. माझा हिशेब त्यांच्यामागे सुरू झाला, पेन्शनच्या कागदांवर 'विधवा' लिहिताना, आणि तो पुरा झाला असं मी अजून म्हणणार नाही.

गेथशेमाने बागेतल्या प्रार्थनेवर मी असंख्य उपदेश ऐकले. सगळ्यांचा भर शेवटच्या ओळीवर, पित्याच्या इच्छेवर. प्याला टळावा म्हणून येशूने आधी मागितलं, आणि मत्तय सांगतो त्याप्रमाणे पुन्हा पुन्हा जाऊन मागितलं, याकडे उपदेशक घाईने पाहतात. योहानाच्या शुभवर्तमानात आणखी एक बारीक गोष्ट आहे. शिपाई पकडायला आले तेव्हा त्याने स्वतःला पुढे केलं आणि शिष्यांना जाऊ द्या म्हणून सांगितलं. आपला प्याला त्याने दुसऱ्या कोणाच्या हातात दिला नाही.

गेल्या महिन्यात पुण्याहून लेकीचा फोन आला. "आई, आम्ही दोघांनी प्रार्थना केली. तू आता इकडेच यावंस, अशी देवाची इच्छा आहे असं वाटतंय." त्यांच्याच सोसायटीत तळमजल्यावरचा फ्लॅट रिकामा होतोय, म्हणजे दारही उघडलंय. नगरचं घर विकून टाकायचं. माझे गुडघे पाहता तिचं चुकत नव्हतं. तरी मी म्हटलं, "मला अजून काही कळवलेलं नाही त्याने." ती हसली, मग चिडली. "रात्री दोनला फोन वाजला की इथे माझ्या पोटात गोळा येतो, ते कोण बघणार?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या एकटीच्या हट्टाची किंमत तीही मोजत होती, आणि ते मी तिला विचारलं नव्हतं.

आत्याला मिरजेला फोन लावला. नव्वदीला टेकलीय, पण आवाज तोच. म्हणाली, "आधी राहून बघ. घर विकायची घाई कशाला?" तेव्हा दिवाळीनंतर दोन महिने पुण्याला राहून पाहायचं, आणि मग मायलेकींनी एकत्र बसून प्रार्थना करून ठरवायचं, असं तूर्त ठरलंय. किल्ल्या शेजारी देऊन जाईन. मला पहाटे पाचला चहा लागतो, हे जावईबापूंच्या कानावर आत्ताच घालून ठेवलंय.