नद्या आल्या!

श्रावणात रेवसच्या तोंडाशी पाणी तांबडं झालं की आमच्याकडची जुनी माणसं म्हणायची, ‘नद्या आल्या.’ पाताळगंगा, भोगावती, अंबा या तिघी धरमतरच्या खाडीला मिळतात आणि रेवस-करंजाच्या मधून समुद्रात येतात. मांडव्याला नारळी पौर्णिमेचा नारळ पडतो तो याच पाण्यात. आजी आधी ओंजळभर पाणी डोळ्यांना लावायची, मग नारळ सोडायची. पाणी गढूळच असायचं, पण ती डोंगरातली माती होती आणि तिच्यावर खाडीतली मासळी पोसायची. पुढे हंगामात डोल उपसून जवळा सुपात ओतला की त्यातून वेचायचं ते काय, तर काडीकचरा आणि चिंबोरीचं एखादं पिल्लू.

आता त्याच सुपात पिशव्यांच्या चिंध्या असतात, शाम्पूच्या पुड्या असतात आणि थर्माकोलचे मणी. हे मणी सगळ्यात वाईट. जवळ्याएवढेच बारीक, तसेच पांढरट. नजर फसते, बोटांनीच चाचपून काढावे लागतात.

पाताळगंगेचं मला फार वाटतं. १९१५ मध्ये खोपोलीला टाटांचं वीजघर सुरू झालं आणि लोणावळ्याच्या धरणांचं पाणी वीज करून या नदीत उतरू लागलं. कोकणातल्या नद्या मार्गशीर्षातच आटायला लागतात. ही उन्हाळ्यातही वाहती राहिली. बारमाही पाणी दिसलं तसे खोपोली-रसायनीच्या पट्ट्यात कारखाने आले, वस्ती वाढली. नदीचं पाणी वर उचलायचं आणि घाण खाली सोडायची, असं वर्षानुवर्षं चाललं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत महाराष्ट्रातले ५३ प्रदूषित नदीपट्टे आहेत. त्यात पाताळगंगाही आहे आणि अंबाही.

समोरून मुंबईचं सांडपाणी येतं, जहाजांचं तेल येतं. ७ ऑगस्ट २०१० ला ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ ही जहाजं मुंबई बंदराच्या तोंडाशी एकमेकांवर आदळली आणि तेल अलिबागच्या किनाऱ्यापर्यंत पसरलं. तिवरांच्या मुळ्या काळ्या झाल्या, लोक मासळीला हात लावीनात. सतरा दिवसांनी नारळी पौर्णिमा होती. पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात घालायच्या, त्याच तोंडावर हे झालं.

गावाचा, बंगल्यांचा, जेट्टीवरच्या गर्दीचाही कचरा आहेच. तो आमचा आम्हीच उचलला पाहिजे. सुटीच्या दिवशी तरुण मुलं किनारा साफ करायला येतात, त्यांचं मनापासून कौतुक वाटतं. पण पुढच्या उधाणाला पुळण पुन्हा भरते. त्या मुलांना मी सांगेन, एकदा खारपाड्याच्या पुलापासून वर खोपोलीपर्यंत जा आणि नदीला मिळणाऱ्या प्रत्येक नाल्याचं तोंड बघा. सांडपाणी शुद्ध झाल्याशिवाय नदीत येता कामा नये, हे तिथे जाऊन मागावं लागेल. आणि खाडीच्या पाण्याचे नमुने दर महिन्याला तपासून ते आकडे रेवस बंदरावर, मासळी उतरते तिथेच, मराठीत फळ्यावर लिहिले जावेत.