पंचमावरून गंधारापर्यंत

डाव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं तेव्हा सगळ्यात आधी आठवलं ते पिच व्हील. सांधा झिजलाय, जड वस्तू उचलू नका, असं डॉक्टर म्हणाले. जड असं माझ्याकडे उरलंय काय? लॅपटॉप, इंटरफेस, एक हलका कीबोर्ड आणि पेडल, एवढ्यावर माझा कार्यक्रम होतो. व्हीलच्या स्प्रिंगला वजन म्हणता येणार नाही. पण ती सारखी मध्यावर खेचत असते, आणि स्वर वाकवून धरायचा तर अंगठ्यालाच तिच्याशी झगडावं लागतं.

आमच्यातले चार जण एकत्र जमले की बोलणं लेटन्सीवर जातं. मला त्यात कधी फार रस वाटला नाही. २५६ सॅम्पलच्या बफरला ४४.१ किलोहर्ट्झवर जेमतेम सहा मिलिसेकंद लागतात, आणि स्पीकरपासून दोन मीटरवर बसलेल्या माणसालाही आवाज तेवढाच उशिरा पोचतो. तबलजी आणि मी याहून जास्त अंतरावर बसून आयुष्यभर समेवर भेटत आलो आहोत. माझा जीव अडकलाय तो यमनात प वरून ग वर उतरण्यात. वाटेत तीव्र मध्यम लागला पाहिजे, पण त्यावर बोट ठेवल्यासारखा वाटता कामा नये.

व्हीलवर हे करायचं तर पहिली अडचण पल्ल्याची. बहुतेक ठिकाणी पल्ला दोन सेमीटोनांचा असतो, आणि प ते ग अंतर तीनांचं. पल्ला बारावर नेला तर दुसरंच दुखणं सुरू होतं. मिडीत स्वर वाकवायला १६,३८४ पायऱ्यांची सोय आहे, पण कित्येक स्वस्त कीबोर्डांची व्हील्स प्रत्यक्षात १२८च पाठवतात. मग एकेक पायरी १९ सेंटच्या आसपास पडते, म्हणजे बावीस श्रुतींतल्या सर्वांत लहान अंतराच्या जवळपास. मींड उतरण्याऐवजी जिना उतरतो, आणि संथ लयीत तो प्रत्येक कानाला कळतो. तीनवर ठेवलं तर पायरी पाच सेंटच्या आत येते आणि चालून जातं.

दुसरी अडचण याहून चिवट. प दाबला, व्हील खाली ओढून ग वर आलो, आता व्हील सोडायचं कसं? सोडलं की स्वर परत पंचमावर. म्हणून मी उलट्या बाजूने जायचो. व्हील आधीच पूर्ण वर चढवून ग ची पट्टी दाबायची. ऐकू येतो प. मग अंगठा कणाकणाने सैल करत उतरायचं, आणि व्हील मध्यावर आलं की ग आपोआप जागेवर. सुटताना रेंगाळायचं, मध्यमाजवळ किंचित थबकायचं, मग गंधारात विरायचं. हे जमायला मला काही वर्षं लागली. आणि नेमकं हेच, चढवलेलं व्हील धरून थांबणं, आता अंगठ्याला सोसत नाही.

पेटीवाल्यांना हे सगळं ऐकून नवल वाटणार नाही. मींड येत नाही, स्वर ठोकळेबाज आहेत, म्हणून ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटी हद्दपार केली आणि १९७१ पर्यंत तिला दार उघडलं नाही. त्या काळातही आपल्याकडे पेटी मेली नाही. उलट ज्यांनी ती वाजवली त्यांनी मींडेचा भास हाताने घडवला. तुळशीदास बोरकर ऐकताना मी त्यांच्या उजव्या हाताइतकाच भात्याचा हात ऐकतो. एका पट्टीवरून दुसरीवर जाताना हवा किंचित आवरायची, दोन स्वर क्षणभर एकमेकांवर ठेवायचे, आणि मग हवा सोडायची. सूर प्रत्यक्षात सरकलेला नसतो, तरी कान तो सरकल्याचं मानतो. अंगठा दुखू लागल्यावर मी त्या रेकॉर्डिंग्ज पुन्हा लावल्या तेव्हा कळलं की मींडेचं निम्मं काम आवाजाच्या कमीजास्त होण्यात आहे. व्हीलने मी सूर वाकवत होतो आणि जोर सबंध वेळ एकसारखा ठेवत होतो.

म्हणून आता काम पायाकडे दिलंय. दोन पट्ट्या लेगाटो दाबल्या की सॉफ्टवेअर ग्लाइड करतं, आणि पेडल दाबत गेलं की ग्लाइड लांबतो, आवाज उतरतो, फिल्टर थोडा मिटतो. संगीत नाटकात पाय मारून ऑर्गन वाजवणाऱ्यांना ही जोडणी ओळखीची वाटली असती. श्वासावर चालणारी नळीही वापरून पाहिली. ती उत्तम आहे, पण ती तोंडात धरली की गायिकेला आणि तबलजीला खूण करता येत नाही, आणि आमच्या कार्यक्रमांत अर्धा समन्वय ओठांच्या हालचालीवर चालतो.

आता एक अहंकाराची गोष्ट. डोंबिवलीत एका भावगीतांच्या कार्यक्रमानंतर एक गृहस्थ विंगेत आले आणि बासरीवादकाला भेटायचंय म्हणाले. बासरीवादक नव्हताच. मी लॅपटॉपकडे बोट दाखवलं, त्यांचा विश्वास बसेना, आणि मी तो प्रसंग पुढे किती जणांना सांगितला याची गणती नाही. १९५४ च्या ‘नागिन’मधली बीन कल्याणजींनी क्लॅव्हिओलिनवर वाजवली आणि लोकांना ती खरीच वाटली. त्या पंगतीत आपणही बसलो असं मला मनापासून वाटलं. मला ते अजूनही आवडतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

पण त्याच आवाजाने माझ्या एका मित्राची बासरी कार्यक्रमांतून गेली. आयोजक म्हणायचे, सगळं तुमच्याकडे आहेच ना. मानधनाचं एक पाकीट वाचायचं आणि मी मान डोलवायचो. याहून वाईट म्हणजे हल्ली बासरीची तयार वाक्यंच विकत मिळतात. एक पट्टी दाबली की कुणा तरी उत्तम वादकाची पूर्ण मींड, मुरकीसकट बाहेर पडते. प्रत्येक अंतऱ्यात तीच, त्याच श्वासाची. माझ्या मते हे वादन नव्हे, आणि गाण्याखाली सबंध ट्रॅक लावून वर दोन बोटं फिरवणं तर नव्हेच. हे करणाऱ्यांत माझ्याहून तयारीचे हात आहेत, म्हणूनच जास्त चीड येते. वाजवता येणाऱ्याने का वाजवू नये?

पायाने मींड घ्यायला लागल्यावर बासरीचा आवाज मला पुरेनासा झाला. सॅम्पल तीन सेमीटोन खाली ओढलं की नळीच जाड झाल्यासारखी वाटते. नळीतल्या हवेचं गणित करून आवाज घडवणारी वाद्यं यामाहाच्या व्हीएल-१ पासून, म्हणजे १९९४ पासून आहेत, आणि ते गणित आता लॅपटॉपवर आरामात होतं. तीही वाजवून पाहिली. शेवटी थांबलो एका साध्या करवती लहरीवर. त्यावर एक फिल्टर, थोडासा श्वासासारखा खरखरीतपणा, बाकी काही नाही. चरणजित सिंगांनी १९८२ मध्ये मुंबईत दहा रागांची जी तबकडी केली, तीत टीबी-३०३ चा घसरता स्वर कुणाचंही सोंग घेत नाही. तो यंत्राचा आवाज आहे आणि रागात चालतो आहे. मला तिथे जायचंय. फरक एवढाच की ३०३ ची घसरण ठरलेल्या वेळेत होते, आणि मला ती प्रत्येक वेळी वेगळी हवी.

या आवाजाला विंगेत कुणी शोधायला येत नाही. याची सवय व्हायला मला अंगठ्याच्या दुखण्यापेक्षा जास्त वेळ लागतोय.

माझ्याकडे एक मुलगी शिकायला येते. तिच्याकडे एमपीई कीबोर्ड आहे, प्रत्येक बोटाला स्वतंत्र चॅनेल, बोट आडवं सरकवलं की तेवढाच स्वर सरकतो. हे मानक २०१८ मध्ये आलं. माझी उमेदीची वर्षं त्याआधीच व्हीलवर गेली होती. ती प वरून ग वर पहिल्या आठवड्यात उतरली. मला तिचा हेवा वाटला, आणि तिने माझी उलट्या व्हीलची युक्ती कधीच विचारली नाही याचं वाईटही वाटलं.

उतरती मींड पायाने आता जवळपास माझ्या मनासारखी येते, कारण उतरताना आवाज मिटतच जातो. चढती येत नाही. ग वरून प वर जाताना ग्लाइड लांबवायला पेडल दाबावं लागतं आणि नेमका तेव्हाच आवाज फुलायला हवा असतो. एकच पाय दोन विरुद्ध गोष्टी मागतो. “सर, दिशा मशीनलाच ओळखू द्या ना,” असं म्हणून तिने मेनस्टेजच्या स्क्रिप्टरमध्ये चार ओळी लिहून दिल्या. नवी पट्टी आधीच्यापेक्षा वरची असेल तर पेडल आवाजापुरतं उलटं वागतं. तालमीत ते सुरेख वाजलं, आणि मी तिला तसं सांगितलं. कार्यक्रमात मात्र अजून बंद ठेवतो. कारण दिशा ठरते ती पट्टी दाबताक्षणी, आणि मला पुष्कळदा ग वरून निघून प ला न पोचता, मध्यमाच्या थोडं पुढे जाऊन परत फिरायचं असतं. तिचं म्हणणं, अशा जागी व्हील वापरा, क्षणभर तर धरायचंय.