डब्यातलं तेल

पोरं ज्याच्यासाठी दुकानात भोकाड पसरतात ते किंडर जॉय आमच्या बारामती एमआयडीसीत तयार होतं, हे पाहुण्यांना सांगताना अजूनही थोडी ऐट वाटते. फेरेरो ही इटलीची कंपनी. तिच्याच न्यूटेलावरून जून 2015मध्ये फ्रान्समध्ये गहजब झाला होता. तिथल्या पर्यावरणमंत्री सेगोलेन रोयाल टीव्हीवर म्हणाल्या, न्यूटेला खाणं थांबवा, त्यातल्या पामतेलापायी जंगलं तुटतात. इटलीत संताप झाला आणि बाईंनी लगेच माफीही मागितली. कंपनी सांगते की 2015पासून ती फक्त आरएसपीओ या शाश्वत पामतेलासाठीच्या संस्थेचं प्रमाणपत्र असलेलं, इतर तेलात न मिसळलेलं पामतेल घेते. या प्रमाणपत्रावर शंका घेणारे पुष्कळ आहेत. मळेवालेच त्या संस्थेचे सभासद म्हटल्यावर शंका येणारच. पण तेल कुठून आलं हे निदान कुणीतरी विचारलं, आणि कुणालातरी उत्तर द्यावं लागलं.

कारखान्याची पाळी सुटली की इथल्या भज्यांच्या गाड्यांभोवती गर्दी होते. एका गाडीवर मी सहज विचारलं, "मावशी, तेल कुठलं?"

"डब्यातलं." मग मला खालीवर न्याहाळून, "शेंगदाण्याचं परवडतंय व्हय भज्याला?"

मी तपासणीला आलेला साहेब वाटलो असेन. मावशींचं मात्र काही चुकलं नव्हतं. पामतेल स्वस्त, त्याला स्वतःचा वास नाही, कढईत ते लवकर खराब होत नाही. बिस्किटवाल्यांना ते आवडतं ते थंडाव्यात थिजतं म्हणून. जानेवारी 2022पासून खाद्यतेलातल्या ट्रान्सफॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आली, आणि जुन्या वनस्पती तुपाच्या जागी बसायला पामतेल तयारच होतं. काळजाच्या आरोग्यासाठी केलेला चांगला नियम, पण जंगलाच्या दृष्टीने त्याने उलटं दार उघडलं. अंगाच्या साबणावर बारीक अक्षरांत सोडियम पामेट लिहिलेलं असतं तेही हेच. भारत वर्षाला साधारण 80 ते 90 लाख टन पामतेल बाहेरून आणतो. इतकं दुसरा कुठलाच देश आणत नाही. बहुतेक येतं इंडोनेशिया आणि मलेशियातून. सुमात्रा, बोर्निओत या मळ्यांसाठी दलदलीचं पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या पाल्याच्या थरांचं रान, चर खणून कोरडं केलं की हजारो वर्षं साठलेला कार्बन हवेत जातो, आणि अशी वाळलेली जमीन पेटली की महिनोन्महिने धुमसते. 2015 साली त्या धुराने सिंगापूरपर्यंत शाळा बंद पाडल्या होत्या. सुमात्रातल्या तापानुली ओरांगउटानची वेगळी जात म्हणून नोंद झाली 2017मध्ये, आणि तेव्हाच ते आठशेच्या आत उरले होते.

मग पामतेल सोडून द्यावं का? ही मागणी मला सोपी वाटते, आणि म्हणूनच खरी वाटत नाही. पामचा मळा हेक्टरी तीन-चार टन तेल देतो, सोयाबीन जेमतेम अर्धा टन. डबा सोयाबीनचा केला, तर तेवढ्याच भज्यांसाठी कितीतरी जास्त जमीन लागेल, आणि तीही कुठल्यातरी रानातूनच काढावी लागेल.

शिवाय एका पिकाने मुलूख गिळणं म्हणजे काय, हे कळायला आम्हाला सुमात्रापर्यंत जायची गरज नाही. 1885मध्ये नीरा डावा कालवा आला आणि बारामती-इंदापूरचं जिरायत रान पाहता पाहता उसाखाली गेलं. त्या उसाने इथली घरं उभी केली, पोरं शिकली. मी त्याला नावं ठेवणार नाही. पण सुप्याजवळ मयुरेश्वर अभयारण्य आहे, सुमारे पाच चौरस किलोमीटरचं. चिंकाऱ्यांसाठी राखून ठेवलेलं माळरान एवढंच. इंदापूरकडे कडबनवाडीचा माळ आहे, तिथे लांडगे अजून दिसतात. पाणी आणि प्लॉट यांची नजर दोन्हींवर आहे. जिरायतात शाळूच्या कडेने करडई लावायचे, काटेरी असल्यामुळे जनावर आत घुसत नसे आणि घरचं तेलही निघायचं. ती आता शोधावी लागते. घाण्याचं करडईचं तेल मिळतं, पण ते परवडतं माझ्यासारख्याला, मावशींना नाही.

म्हणून मला खटकतं ते वेगळंच. आमच्या गावातलं बहुधा सर्वांत जास्त चौकशी झालेलं पामतेल महागड्या चॉकलेटमध्ये आहे, आणि अजिबात चौकशी न झालेलं भज्यांच्या कढईत. चौकशी करायची ऐपत असलेला ग्राहक दूर युरोपात आहे. इथे तशी ऐपत एकालाच आहे, सरकारला. 2022च्या दिवाळीत 'आनंदाचा शिधा' शंभर रुपयांत मिळाला: रवा, चणाडाळ, साखर एकेक किलो आणि एक लिटर पामतेल. राज्यभरात दीड कोटीहून जास्त शिधापत्रिकांसाठी ही पिशवी होती. एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाने खरेदीच्या वेळी मळ्याचं नाव मागितलं, नव्याने तोडलेल्या जंगलातलं तेल नको म्हटलं, तर विकणाऱ्याला ऐकावं लागतं. लिटरमागे काही पैसे वाढतील. ते कुणी सोसायचे हा वाद मग विधानसभेत होऊ दे.