मागचं चाक

इंदुरात माउंटन बाईक घेणारा प्रत्येक जण डोंगरात जातोच असं नाही. बहुतेकांच्या सायकली सुपर कॉरिडॉरवर नाहीतर बायपासच्या सर्व्हिस रोडवर फिरतात, आणि रविवारी फारच उत्साह आला तर राऊवरून महूपर्यंत. माझी मात्र खरोखर डोंगरात जाते. महूच्या पुढे अहिल्याबाईंनी १७९१ मध्ये बांधलेला जाम दरवाजा आहे, तिथे माळव्याचं पठार संपतं आणि खाली निमाड पसरलेला दिसतो. शिवाय जानापावची चढण, चोरलकडचे खडबडीत कच्चे रस्ते. अशा वाटांवर बारा हजारांच्या सायकलचं आधी काय जातं, तर मागचं चाक. गिअर कुरकुरतात, ब्रेक ओरडतात, पण चालतात. मागचं चाक सरळ जवाब देतं.

माझ्या तारा तुटायच्या त्या उजव्याच बाजूच्या, आणि दर वेळी हबपाशी, जिथे तार वळते तिथेच. एक बदलली की थोड्या दिवसांनी तिची शेजारीण. नाक्यावरचा पोरगा नवी तार घालून, चाबी फिरवून चाकाचा आउट, म्हणजे डोल, काढून द्यायचा आणि मी पुन्हा निघायचो. पुढे एकदा चोरलहून परतताना चाक फ्रेमला घासायला लागलं. तारा सगळ्या शाबूत होत्या. घरी येऊन चाक उतरवलं तर आतला ॲक्सल वाकलेला.

तारा का तुटतात, याचं उत्तर माझ्या वजनात थोडं आहे, पण सगळं नाही. मागच्या चाकात उजवीकडे गिअरच्या चकत्यांना जागा द्यायची म्हणून हबची कड आत सरकवलेली असते. त्यामुळे उजव्या तारा उभ्या आणि जास्त ताणलेल्या, डाव्या सैल. स्वस्त सायकलचं चाक कारखान्यात झटपट भरलेलं असतं, ताण कमी आणि कमीजास्त. प्रत्येक फेरीत खाली आलेली तार क्षणभर ढिली पडते, वर गेली की पुन्हा ताणली जाते. अशा लाखो हेलकाव्यांनी धातू थकतो आणि वळणावर तुटतो. म्हणजे एकेक तार बदलत बसण्यात काही अर्थ नाही. बाकीच्या तारांचंही तितकंच आयुष्य सरलेलं असतं.

ॲक्सलची गोष्ट निराळी. सात गिअरच्या स्वस्त सायकलींना बहुधा आट्यांवर फिरवून बसवायचं फ्रीव्हील असतं. त्या रचनेत उजवीकडचे छर्रे हबच्या आत राहतात आणि चकत्यांच्या खालचा ॲक्सलचा तीन-चार सेंटिमीटरचा तुकडा आधाराविना राहतो. खड्ड्यात चाक आपटलं की तिथेच वाकतो. चकत्या सरकवून बसवायच्या कॅसेटच्या हबमध्ये उजवे छर्रे बाहेरच्या टोकाला, फ्रेमच्या जवळ असतात, म्हणून तो ॲक्सल तग धरतो. हे कळल्यावर माझा अर्धा निर्णय झाला. रिम कुठलीही चालेल, हब मात्र कॅसेटचा हवा.

बायकोने विचारलं, "मग नवी सायकलच का नाही घेत?" प्रश्न रास्त होता. पण त्याच किमतीच्या नव्या सायकलला पुन्हा तेच फ्रीव्हील आणि तेच घाईत भरलेलं चाक मिळणार. आणि चांगल्या चाकाची सायकल घ्यायची तर आकडा जिथे जातो, तिथे आमच्या घरात चर्चा थांबते.

तयार चाकांची जोडी बघितली. बंद बेअरिंगची, दिसायला देखणी, किंमत दहा हजारांच्या पुढे. बारा हजारांच्या सायकलला दहा हजारांची चाकं लावायला माझा हात धजावला नाही. आणि पुढच्या चाकाला झालंच काय होतं? पुढच्या चाकावर भार कमी, गिअर नाहीत, तारांचा ताण दोन्हीकडे बराचसा सारखा. ते उघडलं, छर्रे बदलले, नवं ग्रीस भरलं, काम झालं. नवे छर्रे घेताना मापाकडे लक्ष द्यावं लागतं: पुढे सहसा ३/१६ इंचाचे, मागे पाव इंचाचे. दुकानदार एकाच पुडीत दोन्ही बांधून देतो.

बाजारात जाण्याआधी मी मापं घेतली, आणि हीच गोष्ट मी सगळ्यांना सांगत असतो. '२६ इंच' हे माप फसवं आहे. टायरच्या कडेवर बारीक अक्षरात ५०-५५९ असं काहीतरी लिहिलेलं असतं, त्यातला ५५९ हा खरा आकडा. रिमवर टायर जिथे बसतो तिथला तो मिलिमीटरमधला व्यास. २६ × १⅜ लिहिलेली साध्या सायकलची रिमसुद्धा २६चीच म्हणवते, पण ती ५९०ची, तिच्यावर माउंटन बाईकचा टायर चढत नाही. २७.५ म्हणजे ५८४, २९ म्हणजे ६२२. दुसरं माप फ्रेमच्या मागच्या दोन खाचांमधलं, आतल्या बाजूने. माझं १३५ मिलिमीटर निघालं. रोड बाईकचे १३०चे हब दुकानात त्याच खोक्यात पडलेले असतात, आणि "बैठ जाएगा भिया" हे इंदुरी आश्वासन दोन्हींसाठी सारखंच मिळतं. तिसरं, ब्रेकची डिस्क. माझी सहा स्क्रूंची. एक हब मला फार आवडला होता, पण त्यावर डिस्क दात्यांवर बसवून एका मोठ्या कड्याने आवळायची सोय होती. म्हणजे वर ॲडॉप्टर किंवा नवी डिस्क. सोडून दिला.

परदेशात २६ इंची चाक आता म्हाताऱ्यांचं मानतात. नव्या चांगल्या माउंटन बाईक दहा-बारा वर्षांपासून २७.५ आणि २९वरच येतात. आपल्याकडे मात्र २६च्या सायकली अजून ढिगाने रस्त्यावर आहेत, त्यामुळे रिमही ढिगाने मिळतात, आणि स्वस्त. मी दुहेरी भिंतीची, ३६ छिद्रांची घेतली. ३२ची थोडी हलकी पडली असती, पण त्या तीसेक ग्रॅमपेक्षा चार तारा जास्त बऱ्या. व्हॉल्व्हचं छिद्र मोठं आहे ना, तेही पाहिलं. बारीक छिद्राच्या रिमला बारीक व्हॉल्व्हची ट्यूब लागते आणि मग पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर हवा भरता येत नाही.

चाक बांधून दिलं एका वयस्क चाचांनी. दुकान कसलं, एका जिन्याखालची जागा. चौदा नंबरच्या, म्हणजे दोन मिलिमीटरच्या स्टीलच्या तारा त्यांनी भिंतीवरच्या खिळ्यावरून काढल्या, जुनी तार शेजारी धरून लांबी पाहिली, नव्या हबची कड बोटांनी चाचपली आणि डावी-उजवीसाठी वेगवेगळ्या जुड्या बाजूला ठेवल्या. प्रत्येक तार बाकीच्या तिघींना ओलांडून जाईल अशी जाळी घातली. निपलला तेलाचा थेंब. मग चाक एका जुन्या, उलट्या ठोकलेल्या फोर्कमध्ये अडकवून थोडं थोडं आवळत गेले. मध्येच तारा नखाने छेडून ऐकायचे. उजव्या सगळ्या एका सुरात, डाव्या थोड्या खालच्या पट्टीत. मग दोन-दोन तारा मुठीत धरून जोरात दाबल्या, तेव्हा चाकातून टक-टक आवाज आला. "अभी बैठ रही है," ते म्हणाले, आणि पुन्हा आवळायला लागले. चाक फिरवून डावी-उजवी तर पाहिलीच, वर-खालीही पाहिली, आणि शेवटी चाक उलटं घालून रिम बरोबर मधोमध आहे याची खात्री केली. नाक्यावरच्या पोराने यातलं फक्त डावं-उजवं केलं होतं.

जुना सात गिअरचा शिफ्टर बदलायची गरज पडली नाही. हब आठ-नऊ गिअरच्या कॅसेटचा होता, त्यावर सातची कॅसेट साडेचार मिलिमीटरच्या कड्यासकट बसली. हब, रिम, तारा, कॅसेट, मजुरी, सगळं मिळून चार हजारांच्या आत भागलं. त्यात सर्वांत कमी पैसे मजुरीचे होते, आणि मला विचाराल तर ते सर्वांत जास्त हवे होते.

त्या चाकावर पावसाळ्यातली काळी माती झाली, जाम दरवाज्याचा उतार झाला. तार अजून तुटलेली नाही. तुमचंही चाक वरचेवर आउट होत असेल, तर कंपनीच्या नावापेक्षा चांगला मिस्त्री शोधा, मागचंच चाक बांधून घ्या, आणि शंभरेक किलोमीटर चालवल्यावर एकदा परत नेऊन दाखवा. नव्या तारा तेवढ्यात बसून थोड्या सैल होतात. चाचांनी त्या फेरीचे पैसे घेतले नाहीत.