भरती-ओहोटीच्या घड्याळावर

सरकारी चाकरीतून निवृत्त झालेल्या माणसाविषयी आपल्याकडे दोन समजुती रूढ आहेत. एक, तो आता सुखी झाला. आणि दुसरी, तो आता निरुपयोगी झाला. या दोन्ही समजुती कितपत खऱ्या आहेत, हे पडताळून पाहण्याचा योग गतवर्षी पावसाळा सरल्यावर गोमंतकातील दिवाडी बेटावर आम्हांस आला. परराष्ट्र खात्यात पस्तीस वर्षे सेवा करून, देशोदेशींच्या राजधान्यांत भारताचे काम पाहून, एक गृहस्थ आपल्या वडिलोपार्जित घरी येऊन राहिले आहेत आणि चित्रे काढण्यात रमले आहेत, असे आमच्या कानी आले होते. त्यांनी भेटीस संमती दिली, पण आपले नाव छापू नये अशी अट घातली. ‘माझे नाव पुष्कळ कागदांवर छापून झाले आहे, आता कागदावर दुसरे काही उमटू द्या,’ असे ते म्हणाले. ती अट आम्ही पाळीत आहोत.

जुने गोवे येथे व्हाइसरॉयच्या कमानीखालून जाणारा रस्ता थेट मांडवीच्या धक्क्यावर उतरतो. वास्को द गामाचा पणतू व्हाइसरॉय असताना, सोळाव्या शतकाच्या अखेरीस, ही कमान उभारली गेली आणि पुढे नवे व्हाइसरॉय याच कमानीतून थाटामाटाने नगरप्रवेश करीत. आज त्या वाटेने मासळीच्या टोपल्या, शाळेची मुले आणि दुचाक्या फेरीबोटीकडे जातात. नदी ओलांडण्यास काही मिनिटेच लागतात. परंतु पलीकडच्या तीरावर पाऊल ठेवताच मागच्या हमरस्त्याचा गलबला कोणीतरी दार लोटून घ्यावे तसा बंद होतो.

दिवाडी हे तिसवाडी तालुक्यातील बेट, मांडवीच्या प्रवाहांनी वेढलेले. पिएदाद, मळार व नार्वे अशी त्यावर गावे. मधोमध टेकडी, टेकडीवर पिएदाद मातेचे भव्य देऊळ, आणि खाली चहूबाजूंनी सपाट खाजनशेती. या देवळाचे आताचे रूप अठराव्या शतकाच्या आरंभीचे असून त्याचा आराखडा आंतोनियु जुआंव द फ्रियश या गोमंतकीय धर्मगुरूने केला असे सांगतात. देवळाच्या अंगणातून दक्षिणेस पाहिले की जुन्या गोव्याची शिखरे माडांच्या वर डोके काढून उभी दिसतात; त्यांत ‘से’ कॅथेड्रलचा एकच मनोरा आहे, कारण दुसरा १७७६ साली कोसळला. देवळाशेजारच्या स्मशानातील लहानशा चॅपेलात कदंबांच्या काळचे कोरीव दगडी छत अद्याप शाबूत आहे. कदंब राजांचे आराध्यदैवत सप्तकोटेश्वर याच बेटावर होते. पोर्तुगीज अमलात ते मंदिर पाडले गेले, देव नदीपलीकडे डिचोलीच्या बाजूस नेण्यात आला, आणि तेथील मंदिराचा जीर्णोद्धार १६६८ साली शिवाजी महाराजांच्या आज्ञेने झाला. एका छताखाली उभे राहून इतका इतिहास आठवावा लागतो, अशा या जागी माणसाचा आवाज आपोआप खाली येतो.

आमच्या यजमानांचे घर टेकडीच्या उतारावर आहे. पुढे दगडी बाकांचे बाल्कांव, आत उंच कौलारू दालन. खिडक्यांना काचेऐवजी जुन्या पद्धतीच्या शिंपल्यांच्या चकत्या बसविलेल्या. त्यांतून येणारा उजेड दुधात पाणी घालावे तसा मऊ होऊन येतो. यजमानांनी चित्रांसाठी तीच खोली निवडली आहे. वयाने सत्तरी ओलांडलेले, अंगात साधा सदरा, बोटांना निळ्या-हिरव्या रंगाचे डाग. आम्हांस पाहताच त्यांनी कुंचला पाण्यात बुडवून ठेवला आणि स्वतः उठून खुर्ची पुढे केली. दूतावासातील शिष्टाचार तेवढा अंगात उरला असावा, असे आम्हांस वाटले.

ते जलरंगात काम करतात. त्यामागचे कारण त्यांनी मोठ्या गंमतीने सांगितले. तैलचित्रात चूक झाली तर तीवर रंग चढवून झाकता येते. जलरंगात तशी सोय नाही. फिकट रंगापासून गडद रंगाकडे जावे लागते, आणि जेथे उजेड दाखवायचा तेथे पांढरा रंग न लावता कागदच कोरा सोडावा लागतो. ‘आमच्या धंद्यातही असेच होते,’ ते म्हणाले. ‘करारात काय लिहिले यापेक्षा काय लिहिले नाही, यावर अधिक रात्री जागाव्या लागत. कोरी जागा कोठे सोडावी हे मी तेथे शिकलो. ते येथे उपयोगी पडते.’ पावसाळ्यात मात्र कागद वाळत नाही, त्यावर बुरशी धरते. म्हणून जून ते सप्टेंबर ते केवळ पेन्सिलीने रेखाटने करतात.

भिंतींवर पाहावे तो एकच विषय निरनिराळ्या वेळी काढलेला: बांध, पाणी, शेत आणि आकाश. एवढे देश पाहिलेल्या माणसाने तेथील एकही नगर चितारू नये, याचे आम्हांस नवल वाटले व आम्ही तसे बोलून दाखविले. त्यांचे उत्तर असे की, ती नगरे त्यांनी मोटारीच्या काचेतून पाहिली. बसून काही पाहिले असेल तर ते येथेच.

‘येथे वेळ पुष्कळ मिळत असेल,’ आम्ही म्हणालो.

ते हसले. ‘असे मलाही आरंभी वाटले होते. भिंतीवरचे घड्याळ मी बंद पाडून ठेवले होते. मग आमच्या शेजारणीने माझी शिकवणी घेतली.’

शेजारीण म्हणजे बांधाकाठी राहणारी, शेती आणि मासळी यांवर घर चालविणारी एक बाई. ‘बाब’ म्हणून ती त्यांना हाक मारते, ‘बाय’ म्हणून ते तिला. दिवाडीचे खरे घड्याळ नदी आहे, हे तिने त्यांना दाखविले. मांडवीला समुद्राची भरती लागते. भरती आणि ओहोटी यांत सहा तासांहून किंचित अधिक अंतर असते, आणि दर दिवशी ही वेळ सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. खाजनशेत नदीच्या भरतीच्या पातळीहून खाली असते; त्याला खाऱ्या पाण्यापासून राखतो तो मातीचा बांध, आणि बांधातून पाणी आत-बाहेर सोडतो तो ‘मानस’ नावाचा दरवाजा. ओहोटीला आतले पाणी त्याची लाकडी दारे ढकलून बाहेर जाते आणि भरती चढू लागली की नदीचाच रेटा ती दारे मिटवितो. पावसाळ्यात आत भात पिकते. खारटपणा सोसणारे ‘कोरगुट’ जातीचे भात येथलेच. कापणीनंतर त्याच पाण्यात मासळी व कोळंबी धरली जाते. एवढी सुंदर व्यवस्था आमच्या पूर्वजांनी कोणत्याही यंत्रावाचून उभारली. परंतु तिची एक अट आहे: बांधाला खेकड्याने भोक पाडले तर ते दिसताच, त्याच ओहोटीत, बुजविले पाहिजे. उद्या म्हटले तर उद्या तेथे शेत नसते.

‘पाहुणे म्हणतात, दिवाडीत सारे सावकाश चालते,’ यजमान म्हणाले. ‘ती बाय मध्यरात्री कंदील घेऊन मानशीवर जाते, तेव्हा पाहुणे झोपलेले असतात. एकदा मी तिला म्हटले, येथले जीवन किती संथ आहे! ती म्हणाली, बाब, तुमचे पेन्शन दर महिन्याला येते, म्हणून तुम्हांला संथ दिसते.’

हे वाक्य सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट एखाद्या गुरूचा मंत्र सांगावा तशी आदराची छटा होती. आम्हांसही ते वाक्य लागले. शहरातून आलेला माणूस खेड्याची शांतता भोगतो आणि तिची किंमत दुसरे कोणी मोजीत असते, हे आपल्यापैकी कितीजणांच्या ध्यानात येते?

मग त्यांनी आम्हांस बांधावर नेले. एका बाजूस पिकलेले भात कापणीस आले होते. त्याच्या पलीकडे मात्र कांदळाच्या झुडपांनी भरलेले, चिखलाचे, ओसाड तळे पसरले होते. तेही एके काळी शेतच होते. मालक परदेशी गेले, बांधाकडे पाहणारे कोणी उरले नाही, एका पावसाळ्यात बांध फुटला आणि खारे पाणी कायमचे घर करून राहिले. कांदळ किनाऱ्याला हितकर असतो हे खरे. परंतु शेतकऱ्याच्या ताटात तो भात वाढीत नाही. त्या ओसाडीला लागूनच यजमानांच्या घराण्याचे शेत. ते निवृत्त होऊन आले तेव्हा तेही पडीक होते. ‘पस्तीस वर्षे मी जगभर देशाच्या सीमांची काळजी वाहिली,’ ते म्हणाले, ‘आणि माझ्या घरच्या बांधाची काळजी दुसऱ्याच्या बायकामुलांवर टाकली.’

शेत पुन्हा लावण्यास ती शेजारीण तयार होती. परंतु वडिलोपार्जित जमिनीवर सर्व वारसांचा समाईक हक्क, आणि वारस अकरा: कोणी मुंबईस, कोणी लिस्बनला, कोणी टोरांटोला, कोणी एकमेकांशी वीस वर्षे अबोला धरलेले. सर्वांच्या सह्यांवाचून कोणी लेखी शब्द देईना, आणि लेखी शब्दावाचून ती बाई तरी आपली मेहनत चिखलात कशी घालील? तेव्हा आमच्या यजमानांनी कुंचला बाजूस ठेवला आणि आयुष्यातील शेवटची शिष्टाई आरंभिली. पत्रे गेली, दूरध्वनी झाले, जुने रुसवे ऐकून घेतले. एका चुलतभावाला आजीच्या कपाटाची आठवण हवी होती, ती पाठविली. एका बहिणीला केवळ कोणी तिची क्षमा मागावी असे वाटत होते, ती मागितली. पावणेदोन वर्षांनी अकरावी सही आली. ‘दोन राष्ट्रांत तह घडविणे याहून सोपे,’ ते म्हणाले, ‘कारण राष्ट्रांना एकमेकांचे बालपण आठवत नाही.’

आम्ही पाहिले ते पिकलेले भात त्याच शेतातले होते. घरी परतल्यावर त्या बाईने स्वतः आणून दिलेल्या उकड्या तांदळाची पेज आणि खाऱ्या कैरीची फोड आमच्यापुढे आली. मेजवान्या पुष्कळ झोडलेल्या या माणसाने ती पेज ज्या भक्तिभावाने प्राशन केली, तो पाहण्यासारखा होता.

ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीत ‘बोंदेराम’ भरतो. पूर्वी येथल्या वाड्यांत हद्दीवरून तंटे होत, म्हणून पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी हद्दीवर निशाणे रोवली. लोकांनी ती पाडून टाकली. त्या भांडणाचा आज उत्सव झाला आहे: रंगीत निशाणांची मिरवणूक, बांबूच्या नळीतून रानफळांचा लटका मारा आणि सर्वत्र हास्य. यजमानांना हा सण फार प्रिय. हद्दीचे भांडण अखेर मुलांच्या खेळात जिरते, असे त्यांनी जगात अन्यत्र क्वचितच पाहिले.

याच बेटावर १६७६ साली जन्मलेले फादर जाकोम गोन्साल्विस यांचा विषय त्यांनीच काढला. ते १७०५ साली लंकेत गेले, डच अमलाखाली छळ सोसणाऱ्या तेथील कॅथोलिकांत संत जोसेफ वाझ यांच्या कार्यात सहभागी झाले, सिंहली व तमिळ भाषांत ग्रंथ लिहिले आणि १७४२ साली तेथेच देह ठेवला. ‘दिवाडीचा खरा राजदूत तो,’ यजमान म्हणाले. ‘ज्यांच्याकडे गेला त्यांची भाषा त्याने आपली केली. मी येथे परत आलो तेव्हा मला बांधाची भाषा येत नव्हती. ती आता कुठे थोडी थोडी समजू लागली आहे.’

सायंकाळी कोकण रेल्वेची गाडी बेटावरून धडधडत गेली. १९९८ साली हा लोहमार्ग पूर्ण झाला, आणि तो दिवाडीच्या शेतांवरून जातो. परंतु येथे स्थानक नाही. प्रवासी खिडकीतून हिरवे-पिवळे शेत क्षणभर पाहत असतील, ‘किती शांत!’ म्हणत असतील आणि तेवढ्यात पूल लागत असेल. त्या शांततेखाली एक बाई ओहोटीची वाट पाहत उभी आहे, हे त्यांना गाडीतून दिसणे शक्य नाही.

निघण्यापूर्वी त्या शेताचे एक चित्र आम्ही पाहिले. इतर सर्व चित्रांच्या कोपऱ्यात चित्रकाराची आद्याक्षरे होती, यावर नव्हती. विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘या शेताला अकरा सह्या लागल्या, बारावी कशाला?’

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांची घरे अशीच आहेत: थोरला आखातात, मधला मुंबईस, धाकटी परदेशी आणि गावाकडे कुलूप. जमीन पडीक असते ती बहुधा मातीच्या दोषाने नव्हे, तर भावंडांच्या अबोल्याने. निवृत्त माणूस सुखी होतो की निरुपयोगी, या प्रश्नाचे उत्तर आम्हांस दिवाडीत एवढेच मिळाले की, ज्याच्यापाशी वेळ आहे त्याने तो त्या अबोल्यावर खर्च करावा. जे पत्र लिहावयाचे राहून गेले आहे ते लिहावे. बांध बुजविण्यास ओहोटी थोडाच वेळ असते.