तपेल्याचं तोंड

नाशिकच्या भांडी बाजारात सकाळी दुकानं उघडली की पितळी हंडे, कळश्या, तांब्याचे बंब फळ्यांवर चढतात. चाळिशीनंतर पेन्सिल हातात धरलेल्या माणसाला याहून चांगला वर्ग सापडणं अवघड, असं माझं अनुभवाअंती झालेलं मत आहे. दुकानदार आधी विचारतात, "ताई, घ्यायचीय, की नुसतीच काढायचीय?" मग गिऱ्हाईक आलं की विसरून जातात.

कळशीचं तोंड गोल असतं हे आपल्याला माहीत असतं. दिसतं मात्र लंबवर्तुळ. नवशिका हात माहीत असलेलं आणि दिसणारं यांची खिचडी करतो. तोंडाची दोन्ही टोकं लिंबासारखी टोकदार निघतात आणि बूड सरळ रेषेत, कारण भांडं जमिनीवर सपाट टेकलंय हे डोक्यात पक्कं बसलेलं. प्रत्यक्षात टोकं वळलेली असतात. नजरेच्या खाली ठेवलेल्या भांड्याचं बूड तर तोंडापेक्षाही जास्त गोलसर दिसतं, कारण ते डोळ्यांच्या पातळीपासून आणखी खाली असतं. बाजारातल्या फळ्या हे सगळं एकाच नजरेत दाखवतात. नेमक्या डोळ्यांसमोरच्या फळीवर काठ म्हणजे नुसती आडवी रेषा आणि सर्वांत वरच्या फळीवर त्याच वर्तुळाचा बाक उलटा.

शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेल्यांना यात नवं काही वाटणार नाही. शासकीय रेखाकला परीक्षांमध्ये तपेली, बादली, फळं मांडून काढायला लावतात ते उगाच नाही. वस्तुचित्र, स्मरणचित्र, नक्षीकाम, भूमिती, अक्षरलेखन हा सारा क्रम मोठ्यांनाही चालतो. अनेक पालकांच्या लेखी या परीक्षा म्हणजे दहावीला मिळणारे वाढीव गुण, एवढंच. अभ्यासक्रम मात्र त्या गुणांहून कितीतरी दणकट आहे. सरावाची पुस्तकं स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. सोबत एचबी, टूबी आणि फोरबी अशा तीन पेन्सिली पुरे. महागडा संच घेतला की कागद खराब करायची भीती वाटते.

गोदाघाटावर मापाची सवय लागते. हात ताठ, एक डोळा मिटलेला, पेन्सिलीवर अंगठा सरकवत दुतोंड्या मारुतीच्या डोक्याची उंची पकडायची आणि तेच माप पूर्ण मूर्तीत किती वेळा बसतं ते पाहायचं. पूर किती चढला हे नाशिककर याच मारुतीवरून ठरवतात, त्यामुळे त्याला मोजपट्टी करण्यात काही गैर नाही! पलीकडचं 1747 चं नारोशंकर मंदिर मात्र पहिल्या महिन्यात टाळावं. त्याच्या शिखरावरच्या बारकाव्यांत शिरलं की आधी बाह्यरेषा घ्यायची असते हेच निसटतं.

याच जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके 1885 मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले. पुढे बडोद्याचं कलाभवन, फोटोग्राफी, छपाई, पुरातत्त्व खात्यातलं काम आणि मग 1913 चा 'राजा हरिश्चंद्र'. पांडवलेणीच्या पायथ्याशी असलेल्या त्यांच्या स्मारकात लोक सिनेमासाठी जातात. मला तिथे आठवतो तो चित्रकलेचा विद्यार्थी. शिवाजी तुपे यांची जलरंगातली निसर्गचित्रंही पाहावीत. त्यांनी याच शहरात राहून चित्रं काढली.

घरी बसून करायचा एक उपाय बेटी एडवर्ड्स या अमेरिकी चित्रकला शिक्षिकेच्या 1979 च्या पुस्तकातला आहे: समोरचं चित्र उलटं ठेवून त्याची नक्कल करायची. नाक, डोळा, कान ही नावं गळून पडतात. उरतात रेषा, कोन आणि मधल्या रिकाम्या जागा. हात पटकन सुधारतो असं नाही, पण डोळ्याची घाई कमी होते.

यथादर्शनासाठी मिलिंद मुळीक यांचं 'पर्स्पेक्टिव्ह' घेतलं आणि जुन्या नाशकातल्या एका बोळात जाऊन उभी राहिले. पुस्तकात घरांच्या कडा शिस्तीत एका बिंदूकडे धावतात. बोळ मध्येच वळतो, वाड्याचा सज्जा कललेला, समोरच्या भिंतीला टेकून स्कूटर. अशा वेळी आधी डोळ्यांच्या पातळीची रेषा कागदावर हलकी आखून घ्यायची. सरळ भिंतींच्या, त्या रेषेच्या वरच्या कडा लांब जाताना खाली उतरतात, खालच्या वर चढतात. वळणापुढच्या भिंतीला मात्र तिचा वेगळा बिंदू लागतो, आणि सज्जा पुस्तकात नाही, दिसतो तसाच काढावा लागतो.